पुण्याहून निघालेला जपानी आंबा

राजेश्वर हे गाव पुणे-हैदराबाद महामार्गावर, बसवकल्याण तालुक्यात, हुमनाबादच्या अलीकडे लागतं. अलीकडे म्हणजे तुम्ही सोलापूरहून येत असाल तर. हैदराबादहून येणाऱ्याला ते पलीकडे लागतं, आणि दोन्हीकडून येणाऱ्या बऱ्याच जणांना ते लागतच नाही, कारण तोवर त्यांचा डोळा लागलेला असतो. गावातल्या पाट्या कानडीत, घरात मराठी, बाजारात दखनी आणि भांडणात तिन्ही. १९४८ पर्यंत आम्ही निजामाकडे होतो, १९५६ साली म्हैसूर राज्यात गेलो, त्याचं पुढे कर्नाटक झालं. आंब्याच्या बाबतीत मात्र आम्ही अजून हैदराबाद संस्थानातच आहोत. बाहेरच्या जगात इमामपसंद म्हणून ओळखला जाणारा हिमायत हा इथला हुजूर. त्याच्या खाली बेनिशान, ज्याला आंध्रात बंगनपल्ली म्हणतात. दसेरी बरा. तोतापुरी तिखटमीठ लावून चालत्या गाडीत खायला. हापूस आला तर त्याला बसायला पाट देतात, पण घरातलं कुणी त्याच्याशी फारसं बोलत नाही.

गावरान आंब्यांचं खातं वेगळं. त्यांना जाती नाहीत, टोपणनावं आहेत: शेंद्र्या, खोबऱ्या, गोट्या, केळ्या, आणि शेपूच्या भाजीचा वास मारणारा शेप्या. शेप्याचा आंबा कुणी विकत घेत नाही, चोरतसुद्धा नाही, आणि तरी त्याच्या फांदीवरून दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद पडलेलं मी पाहिलं आहे.

अशा गावात आमच्या धाकट्या भावाने परसात मियाझाकीचं कलम लावलं.

मियाझाकी म्हणजे तो लालभडक जपानी आंबा, ज्याचा भाव २०२१ साली सगळ्या वर्तमानपत्रांनी किलोला दोन लाख सत्तर हजार असा छापला. जबलपूरकडच्या एका बागेत म्हणे त्याच्यावर चार राखणदार आणि सहा कुत्री ठेवली होती. मग २०२३ साली आमच्याच कल्याण कर्नाटकात, कोप्पळच्या आंबा मेळाव्यात एक मियाझाकी मांडला गेला. एका फळाची किंमत चाळीस हजार. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या भोसी गावचे मियाझाकीही २०२५ साली बातमीत झळकले. एवढं सगळं मोबाइलवर वाचल्यावर भावाला राहवेना. त्याने कलम मागवलं, मोरीचं पाणी जातं तिथे खड्डा घेतला, आणि खड्डा बुजवायच्या आधी हिशेब मांडला. झाडाला इतके आंबे, आंब्याला इतके ग्रॅम, किलोला पावणेतीन लाख. आमच्या घरात गुणाकार सगळ्यांना येतो. भागाकाराची वेळ आली की वकील लागतो.

यात आमचा दोष नाही, हवेचा आहे. आमच्या जवळच्या बसवकल्याणातच, म्हणजे तेव्हाच्या कल्याणात, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरची 'मिताक्षरा' लिहिली. वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उभा राहतो, हे तिचं गाजलेलं सूत्र. बंगालचा अपवाद सोडला तर देशातल्या बहुतेक हिंदू वाटण्या शतकानुशतकं त्या एका ग्रंथावर झाल्या. सांगायचं इतकंच, की जिथे वाटणीचं शास्त्र लिहिलं गेलं त्याच मातीत आमच्या मियाझाकीला मोहोर आला, आणि मोहोर आला त्याच दिवशी चुलतभावाने अंगणात येऊन विचारलं, "मोरीकडची जागा सामायिकच हाय न्हवं?"

तो दिवस येळवशीचा होता. वेळ अमावास्येला आमच्याकडे सगळा गाव शेतात जेवायला जातो. आंबील, भज्जी, उंडे यांच्यापुढे घरी कुणी थांबत नाही. त्या दिवशी मात्र जाता-येता जो तो आमच्या परसातून गेला. कमरेइतक्या झाडापुढे उभं राहून माणसं आवाज खाली आणून बोलत होती. एकाने वाकून मोहोराचा वास घेतला आणि आपल्या बायकोला म्हणाला, "पैशाचा येतोय."

आता या आंब्याची खरी कथा. मियाझाकी हे आंब्याच्या जातीचं नाव नाही, जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरच्या एका प्रांताचं आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात हरितगृहांत, हिवाळ्यात शेगड्या पेटवून हा आंबा लावायला सुरुवात केली. त्यांनी लावलेली जात आहे आयर्विन. आणि आयर्विन जपानची नाहीच. ती अमेरिकेतल्या फ्लोरिडाची. १९३९ साली मायामीत आयर्विन आडनावाच्या गृहस्थांनी लिपन्स नावाच्या आंब्याची कोय पुरली, त्यातून ही उगवली. लिपन्स आला हेडनच्या कोयीतून. हेडनची कोय रुजवली १९०२ साली, जॉन हेडन नावाच्या एका निवृत्त लष्करी कॅप्टनने. पुढच्याच वर्षी कॅप्टनसाहेब वारले. झाडाला फळ धरलं १९१० साली, ते चाखलं त्यांच्या बायकोने. हेडनची आई होती मलगोबा. बाप कोण, ते पुढे शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून शोधून काढलं: टर्पेंटाइन नावाचा, तिकडच्या रानातला, राळेच्या वासाचा आंबा. म्हणजे तिकडचा शेप्याच.

आणि ही मलगोबा फ्लोरिडात गेली कुठून? पुण्यातून. १८८९ साली पुण्याच्या गणेशखिंडीतल्या सरकारी वनस्पतिबागेचे प्राध्यापक मार्शल वुड्रो यांनी आंब्याची भेटकलमं अमेरिकेच्या शेतीखात्याला बोटीने धाडली. त्यातली काही एल्ब्रिज गेल या म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या वाट्याला आली. १८९४-९५ च्या हिवाळ्यात फ्लोरिडात असा काही गारठा पडला की कलमं जळाली, आणि गेलबाबांकडचं एक मलगोबाचं झाड तेवढं तगलं. आज जगभरच्या बाजारात जे लालबुंद आंबे दिसतात, त्यांतल्या कितीतरींची वंशावळ फिरून फिरून त्या एका झाडापाशी येते.

ही हकीकत मी घरात सांगितली तेव्हा भाऊ दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. जपानी सून आणली म्हणून गावभर पेढे वाटावेत आणि ती सदाशिव पेठेतली निघावी, तसं त्याचं झालं. आईला मात्र फार बरं वाटलं. तिने बोटांवर पिढ्या मोजल्या: मलगोबा, हेडन, लिपन्स, आयर्विन. "म्हंजे पणजीच्या गावाला निघालाय," ती म्हणाली, "वाटंत आपलं घर लागलं." पुण्याची बस आमच्या दारावरूनच जाते, तेव्हा भूगोलाच्या दृष्टीनेही यात काही खोट काढता येत नव्हती.

जपानात हा आंबा कसा सांभाळतात याचे व्हिडिओ भावाला तोंडपाठ होते. एका तुऱ्यावर एकच फळ ठेवायचं, बाकीची कैरी वाटाण्याएवढी असतानाच खुडून टाकायची. खुडणी चालू असताना काकू शेजारी परात घेऊन बसली होती. तिने त्या सगळ्या बाळकैऱ्या मेथ्या घालून लोणच्यात ढकलल्या. पावणेतीन लाख रुपये किलोचं ते लोणचं आम्ही आठवडाभर भाकरीबरोबर खाल्लं आणि कुणाला काही झालं नाही. मग प्रत्येक फळाला खालून जाळी बांधायची, कारण तिकडे हा आंबा तोडत नाहीत. देठ आपोआप सुटून तो जाळीत पडला की पिकला असं समजायचं. आमच्याकडे कांद्याच्या पोत्याची लाल जाळी निघाली. फांदीला सुतळी, सुतळीला जाळी, जाळीत कैरी. वरच्या आळीचे काका काठी टेकत आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सलाईन लावलंय का?"

रंग चढायला फळाला खालूनही ऊन लागतं. जपानी लोक झाडाखाली पांढरे चकचकीत कागद अंथरतात. भावाने लग्नाच्या पंगतीची स्टीलची ताटं माळ्यावरून काढली आणि झाडाभोवती मांडली. दुपारच्या उन्हात परसाकडे बघवत नसे. दोन वाटसरू महाप्रसाद समजून हातपाय धुऊन आले. पण खोटं कशाला बोलू, रंग आला. आधी खांद्यावर जांभळट झाक आली, मग ती खाली उतरली, आणि चैत्र संपता संपता ती फळं अशी तांबडी झाली की पानांआडून कुणी डोळे वटारतंय असं वाटे. आमच्याकडचा आंबा पिवळा होतो, फार तर शेंदरी. तांबडा आंबा बघून वानरंसुद्धा बिचकली आणि शेजारच्या पेरूवर गेली.

पाड लागायच्या बेतात असताना अवकाळी आला. बिदर-लातूरकडे वैशाखाच्या तोंडाशी गारपीट होते हे काही नवं नाही. त्या संध्याकाळी मात्र घरातले सगळे पुरुष वाकळी, ताडपत्री, छत्र्या, मिळेल ते घेऊन त्या एका झाडाकडे धावले. भाऊ छत्री धरून झाडाला कवळ घालून उभा होता. गारा त्याच्या पाठीवर वाजत होत्या आणि तो हलला नाही. दरम्यान गच्चीवर काकूचं वाळवण होतं: कुरडया, शेवया, पापड, वर्षाची बेगमी. ते वाहून पन्हाळीतून खाली आलं. काकूने त्या रात्री हिशेब सांगितला. गहू भिजवून चीक काढायला किती दिवस गेले, मजुरीच्या बायकांना किती दिले, आणि आंबे वाचले किती, तर दोन. तिच्या मते त्या दोन आंब्यांचा भाव जपान्यांनी कमीच लावला होता.

दोन्ही आंबे जाळीत पडले ते अक्षय तृतीया उलटून गेल्यावर, त्यामुळे पितरांचा वाटा द्यायचा प्रश्न सुटला. जिवंत वारसच पुष्कळ होते. 'सामायिक जागे'वाला चुलतभाऊ आला. पलीकडचे चाचा आले. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळातला हिमायत खाल्लेला, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. शाळेतले कानडी मास्तर आले. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये असलेले मेहुणे आले, आणि येताना उसाची गोडी मोजायचं नळीसारखं यंत्र घेऊन आले, कारण जपानात हा आंबा वरच्या प्रतीचा ठरवायचा तर वजन साडेतीनशे ग्रॅम आणि गोडी निदान पंधरा भरावी लागते. तशा निवडक आंब्यांच्या एका जोडीला २०१९ साली तिथल्या लिलावात पाच लाख येन मिळाले होते, आपले तीन लाखांच्या वर. मोसमाच्या पहिल्या जोडीला हौसेने बोली लावतात, तिचा तो भाव. एरवी जपानी दुकानात हाच आंबा काही हजार येनला मिळतो. पण ही दुसरी बातमी आमच्या भागात पोचलेली नाही, आणि मी ती त्या दिवशी काढली नाही.

वजन भरलं. मग मेहुण्यांनी रसाचा एक थेंब यंत्राच्या काचेवर टाकला, वरचं झाकण दाबलं, आणि नळी डोळ्याला लावून खिडकीकडे धरली. आत एक गोल दिसतो, वर निळा, खाली पांढरा, आणि निळं जिथे संपतं तिथला आकडा वाचायचा. "सोळा," ते म्हणाले. भावाने टाळी वाजवली. तेवढ्यात पुतण्याने परातीतला, रस काढायला आणलेला एक सुरकुतलेला शेंद्र्या पिळला. मेहुण्यांनी काच पुसली, थेंब टाकला, बघितलं, परत पुसून परत बघितलं. "एकवीस." खोलीत शांतता पसरली. मग भावाने यंत्र हातात घेऊन उलटसुलट केलं आणि ते उसासाठी असल्यामुळे आंब्याला चालत नाही असा निर्णय दिला. सोळा आला होता तेव्हा ते चालत होतं.

कापायचं काम आईकडे. आमच्याकडे आंबा माचातून काढून बादलीतल्या पाण्यात टाकायचा, माचवायचा, देठाकडचा चीक पिळून टाकायचा आणि चोखायचा, अशी रीत. सुरी आंब्याला लावायची ती कैरीला, लोणच्यासाठी. दोन आंबे आणि पंधरा माणसं म्हटल्यावर मात्र दुसरा इलाज नव्हता. तिने अशा चकत्या काढल्या की ताटलीवरची नक्षी त्यांतून दिसत होती. चुलतभावाने आपली चकती आणि माझी चकती शेजारी धरून पाहिली.

मग सगळ्यांनी ती तोंडात घातली, आणि कुणीच काही बोलेना. पावणेतीन लाखांचा आंबा खाताना पहिलं बोलायची जबाबदारी कोण घेणार? आवडला म्हणावं तर हिमायतशी बेइमानी, नाही म्हणावं तर आपल्यालाच कळत नाही असं व्हायचं. अखेर मास्तर म्हणाले, "छलो अदा." म्हणजे छान आहे. पण मास्तर कारल्यालाही तेच म्हणतात. चाचांनी डोळे मिटून, मान तिरकी करून सावकाश गिळलं. "मीठा तो है," ते म्हणाले, "पन हिमायत नै." आपल्या मते त्यांनी फाशी टाळून जन्मठेप दिली होती. काकांनी तंबाखू थुंकून मगच चकती खाल्ली होती. ते म्हणाले, "ग्वाड हाय. रेसा न्हाई, समदं ब्येस हाय. पण ह्यात आंबा कुठाय?"

काकांच्या प्रश्नाला तोड नाही. मियाझाकी वाईट नाही, चांगला आहे. गर लोण्यासारखा सुटतो, दातात धागा अडकत नाही, आंबटपणा नावालाही नाही. पण आपला आंबा खोलीत येण्याआधी त्याचा वास येतो, खाताना तो कोपरापर्यंत ओघळतो, दुसऱ्या दिवशी गळू उठवतो. तो घरात असला की बाकी कशाला जागा उरत नाही. हा आंबा शेजारच्या खोलीत पिकून पडला तरी कुणाला कळू नये इतका सभ्य. टर्पेंटाइनच्या पोराने इतकं सभ्य व्हावं याचं कौतुक करावं तेवढं थोडं, फक्त रस-शेवयांच्या पंगतीला त्याचं काम नाही. काकूने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "एकाचा रस किती निघंल?" वाटीभर, असं कळल्यावर तिने त्या झाडाकडे बघणंच सोडलं होतं.

वाटणीत कोयी राहिल्या होत्या. आयर्विनची कोय पेरली तर आयर्विन येत नाही, कलमच करावं लागतं, हे मी सांगत होतो. पण कॅप्टन हेडनची गोष्टही मीच सांगितली होती, त्यामुळे माझं कुणी ऐकेना. कोयीतूनच तर सगळं घराणं निघालं! एक कोय चुलतभावाने सामायिक हिश्श्यापोटी नेली. दुसरी आईने तुळशीमागे पुरली. तिला लाल कोवळा कोंब आला आहे, आणि पुतण्याने मोबाइलवर 'राजेश्वर नंबर एक' या नावाने त्याच्या कलमांची नोंदणी सुरू केली आहे. त्या दोन पानांच्या रोपाची कलमं.

भावानेही महामार्गाच्या कडेला पाटी लावली: 'जपानी आंबा बघायला मिळेल.' मध्यंतरी पुण्याची एक गाडी थांबली. गृहस्थ उतरले, पाटी वाचली, परसात येऊन झाड बघितलं, किंमत विचारली. भावाने किंमत सांगितली. मग मी, राहवलं नाही म्हणून, त्यांना सगळं सांगितलं: गणेशखिंड, वुड्रोसाहेब, १८८९ ची बोट, फ्लोरिडाचा गारठा, मायामी, क्यूशू आणि शेवटी आमची मोरी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मूळचा आमच्याकडचाच," ते म्हणाले.

"होय."

"मग इतका महाग कसा लावता?"

आणि रस्ता ओलांडून समोरच्या गाड्यावर गेले, तिथे तोतापुरीच्या दोन फोडींना तिखटमीठ जास्त लावायला सांगितलं, आणि ते पैसे द्यायच्या आधी लावून घेतलं.